मोनालिसाला नथ घालू की नको? (शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, मदत हवी)

खोडरबर | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी नागपुरात चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी विषय घेतलाय 'किच'. म्हणजे भडक, गोडगोड, स्वस्तात छापलेली कला. प्लॅस्टिकची फुलं, डोक्यामागे लाल दिवा फिरणारे देव, सूर्यास्तात पोहणारे हंस, शोकेसमधला काचेचा ताजमहाल. हे सगळं एकीकडे आणि संग्रहालयातली थोर चित्रं दुसरीकडे. दोन्ही एकमेकांत घुसवायची अशी कल्पना आहे.

सध्या ठरलंय ते असं: मोनालिसाला नऊवारी आणि नथ, हातात संत्रं, मागे झिरो माईलचा खांब. व्हॅन गॉगच्या चांदण्या रात्रीखाली फुटाळा तलाव. मायकेलअँजेलोच्या चित्रात देवाचं आणि आदमचं बोट जिथे जवळ येतं, तिथे मधोमध सावजी रश्श्याची वाटी. अशी सहा चित्रं फ्लेक्सवर छापायची आणि भोवती मांडवातल्या लायटिंगच्या माळा सोडायच्या.

सरांना दाखवलं. सर हसले, "बरं, पुढे?" म्हणाले आणि चहाला गेले. चार दिवस झाले, मी त्या 'पुढे'वरच अडकलेय.

उदाहरणं म्हणून फोटो काढत फिरतेय. सीताबर्डीच्या फुटपाथवरची पोस्टरं, जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून लावलेल्या देवांच्या टाइल्स, कॅलेंडरं. (आमच्या घरात टीव्हीच्या वर आईनं भरलेलं रविवर्म्याचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र आहे, सगळ्यांकडे असतं तेच, तेही घेतलंय.) अजून कुठे बघू? आणि कल्पना कशी वाटते ते स्पष्ट सांगा.

तर्रीपोहा | सोमवार, रात्री ११:३१

पहिला!

कल्पना झकास हाय वो. पण तुझा धागा वाचता वाचताच मी मोबाईलवर एआयले सांगतलं, मोनालिसा नऊवारीत बनव, हाती संत्रं दे. चहा गार व्हायच्या आत चार मोनालिसा आल्या. एकीच्या हाताले सहा बोटं हायेत, पण नथ म्हणजे एकदम सराफा बाजार. आता तू तीन महिने काय करून राहशील तेवढं सांग.

स्पष्टवक्ता | मंगळवार, सकाळी ७:०५

आजकाल काहीही कला म्हणून खपतं. आमच्या वेळी आधी हुबेहूब घोडा काढता यावा लागायचा. बाकी चालू द्या.

निळीशाई | मंगळवार, सकाळी ९:४८

तर्रीपोहा गमतीत बोलले, पण घाव नेमका बसलाय.

खोडरबर, मोनालिसाची थट्टा करायला तू शंभरेक वर्षं उशिरा आलीस. मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलावंतानं १९१९ सालीच तिच्या एका स्वस्त पोस्टकार्डावर पेन्सिलीनं मिशी आणि बोकडदाढी काढली होती. त्याच्या आधी १९११ मध्ये ते चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातून चोरीला गेलं, १९१३ मध्ये सापडलं, आणि मधल्या काळात वर्तमानपत्रांनी तिचा चेहरा घरोघरी पोचवला. द्युशाँनं मिशी काढली ती लिओनार्दोच्या बाईला नव्हे, त्या पोस्टकार्डाला. पुढे १९६५ मध्ये याच गृहस्थानं मोनालिसाचं साधं छापील चित्र, त्यावर काहीही न काढता, 'दाढी केलेली' म्हणून लोकांना पाठवलं! तुझी नथ त्या मिशीची नात आहे. नात असायला हरकत नाही, पण तिला स्वतःचं काहीतरी बोलता यायला हवं.

दुसरं, तुझे ते 'एकीकडे' आणि 'दुसरीकडे'. किच हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युनिकच्या चित्रबाजारात रुळला, झटपट खपणाऱ्या मालासाठी. १९३९ मध्ये क्लेमंट ग्रीनबर्ग या अमेरिकन समीक्षकानं त्याच्या आणि खऱ्या कलेच्या मध्ये जाडजूड भिंत बांधली. पण होकुसाईची ती प्रसिद्ध लाट घे. १८३१ च्या आसपासची, लाकडी ठशांवरून हजारोंनी छापलेली. सामान्य गिऱ्हाइकासाठी काढलेला माल होता तो. आज ती संग्रहालयात मंद उजेडात असते आणि सीताबर्डीत मोबाईलच्या कव्हरवरही असते. आता तिला भिंतीच्या कुठल्या बाजूला बसवशील?

तिसरं, आणि हे महत्त्वाचं. ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र रविवर्म्याचं नाही. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे. मूळचे सावंतवाडीचे, मुंबईत नाव काढलं. चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे. समोर उभी राहिली होती ती त्यांची मुलगी. आणि ते तैलचित्र नाही, जलरंग आहे. दिव्यापुढे धरलेल्या हाताच्या बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड जलरंगात आणलाय. जलरंगात पांढरा हवा तर कागद कोरा सोडावा लागतो. एकदा गेला की गेला. कधी करून बघ.

तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये तू स्वतः आहेस असं एकच वाक्य आहे. ते तू कंसात टाकलंस.

खोडरबर | मंगळवार, दुपारी १:१५

बाप रे. हळदणकर?? आम्हाला इतिहासात त्यांचं नाव होतं, पण हे चित्र त्यांचं हे डोक्यात कधी जुळलंच नाही. घरी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "कोणाचं का असेना, माझे सात महिने गेले त्यात."

तर्रीपोहा | मंगळवार, दुपारी १:२२

काकूले दंडवत सांगजो.

इतवारीकर | मंगळवार, रात्री १०:०४

मी कलेतला माणूस नाही. आमचं फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. ही दिवावाली बाई माझ्या हातून किती वेळा गेली असेल याचा हिशेब नाही.

मॅटीच्या कापडावर भरलेली आली आहे, काचेवर रंगवलेली, लोकरीची, मण्यांची, वेलवेटवरची आली आहे. एकदा तर तांदळाच्या दाण्यांची आली होती. तिला काच लावताना मी श्वास धरला होता. भरलेली चित्रं बहुतेक वेळा नवरा घेऊन यायचा. कापड पिशवीत गुंडाळलेलं असायचं. काउंटरवर उलगडायचा आणि काही विचारायच्या आत सांगायचा, "हे हिनं केलंय." मग पट्टी निवडायची. चित्र वीतभर असलं तरी पट्टी चार बोटं रुंद, सोनेरी, नक्षीवालीच पाहिजे. वडील म्हणायचे, बारीक पट्टी दाखवूच नकोस, गिऱ्हाईकाला वाटतं त्याच्या बायकोची किंमत कमी केली.

आता नवीन कोणी आणत नाही. जुनीच येतात, काच बदलायला नाहीतर वाळवी लागली म्हणून. परवा एक मुलगा आला, फ्रेम तेवढी ठेवा म्हणाला, आतलं काढून टाका, आईचा फोटो बसवायचा आहे. मी विचारलं, हे भरलेलं कोणी? म्हणाला, आईनंच. मग दोघंही जरा वेळ गप्प. शेवटी फोटोला वेगळी फ्रेम घेऊन गेला.

सांगायचं काय, की किच वगैरे शब्द माझ्या काउंटरवर तरी कधी कोणी उच्चारला नाही.

सुईदोरा | बुधवार, दुपारी ३:३०

मी सहसा पाककृतींच्या धाग्यांवर असते. नातवानं हा धागा दाखवला म्हणून लिहिते आहे.

बाळ, तू दिलेली यादी वाचून थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. डोक्यामागे दिवा फिरणारे देव, काचेचा ताजमहाल आणि त्यांच्या ओळीत आमचं भरतकाम. मी ती बाई भरली १९७९ साली. धरमपेठेत दोन खोल्या होत्या, सासूबाई, दोन दीर. दुपारी दोन ते चार घर झोपायचं, तेवढा वेळ माझा. आलेख मैत्रिणीकडून आणलेला. तिनं तिच्या बहिणीच्या आलेखावरून चौकटीच्या कागदावर उतरवलेला, तिच्या बहिणीनं आणखी कोणावरून. अँकरच्या दोऱ्याच्या लडी महाग वाटायच्या. उजेडासाठी पिवळ्याच्या पाच छटा लिहिल्या होत्या, मी तीन आणल्या. बाकीच्या दोन जागी काय केलं ते मलाच माहीत.

तुमचे कोण हळदणकर मला माहीत नव्हते. पण उजेड बोटांतून कसा येतो ते मला माहीत होतं, कारण आमच्याकडे रोज रात्री वीज जायची.

रागावले नाही. आईला विचार तिनं किती छटा आणल्या होत्या.

उपराजधानी | बुधवार, रात्री ९:१२

सुईदोरा आजी, एक नंबर.

धागाकर्तीला थोडं वेगळं सुचवतो. थोरामोठ्यांची मस्करी करायला नागपूरकरानं पॅरिसला कशाला जायचं? तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल भागात ये. काळी आणि पिवळी मारबत १८८० च्या दशकापासून निघते आहे, सोबत बडगे, सगळे पुतळेच. बांबू, कागद, चिंध्या आणि त्या वर्षी ज्याच्यावर शहराचा राग असेल त्याचं तोंड. भाव वाढले तर महागाईचा बडग्या, घोटाळा झाला तर त्याचा. "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं आणि शेवटी नेऊन जाळायचं. तुमच्या भाषेत इन्स्टॉलेशन, परफॉर्मन्स, सगळंच. जपून ठेवायची भानगड नाही. आणि भोसल्यांच्या वाड्यातला पितृपक्षातला मस्कऱ्या गणपती विसरू नका. ज्या गावात देवच मस्करीसाठी बसवतात तिथं मोनालिसाला नथ घालून कोण दचकणार?

चितारओळीतही जाऊन ये. ही गल्ली शाडूत आणि रंगात वाढलेली आहे. नुसते फोटो काढू नकोस, बस तिथे थोडा वेळ.

मुळामुठा | बुधवार, रात्री ९:४०

आमच्याकडे पुण्यात यापेक्षा...

तर्रीपोहा | बुधवार, रात्री ९:४१

झालं सुरू.

कलम४२० | गुरुवार, सकाळी ११:००

कोणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. आपल्याकडे चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून. रविवर्मा १९०६ ला गेले, त्यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. लिओनार्दो, व्हॅन गॉग यांचा प्रश्नच नाही. हळदणकर गेले १९६८ ला, म्हणजे हिशेब २०२८ च्या अखेरपर्यंत जातो. घरोघरी लटकलेलं चित्र म्हणजे कोणाचंच नाही असा समज असतो, तो चुकीचा. कॉलेजात अभ्यास म्हणून मांडणं ही एक गोष्ट, त्याचे मग आणि टी-शर्ट काढून विकणं ही दुसरी.

जेफ कून्स हा अमेरिकन कलावंत म्हणजे किचचं जागतिक दुकान. त्यानं एका पोस्टकार्डावरच्या कुत्र्यांच्या पिल्लांच्या फोटोवरून शिल्प करवून घेतलं. फोटोग्राफरनं खटला भरला. मी समाजाची थट्टा करत होतो, असा बचाव होता. १९९२ मध्ये अपिलातही कून्स हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की थट्टा समाजाची करायची होती तर करा, या फोटोग्राफरचं चित्र त्यासाठी फुकट का?

निळीशाई | गुरुवार, रात्री १०:३०

धागा मस्त चाललाय. इतवारीकर आणि सुईदोरा यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले.

रविवर्म्याचा विषय चुकून आला, पण तो सोडू नकोस. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला, आणि अखेर फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. एका चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड, एकावर एक ठसे. राजवाड्यातली लक्ष्मी देवघरात आली ती अशी. आणि देवघरात आल्यावर बायकांनी काय केलं? त्या छापील लक्ष्मीला खऱ्या कापडाचं लुगडं चिकटवलं, जर लावली, टिकल्या लावल्या, मोती लावले. अशी नटवलेली ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, आजही संग्राहकांकडे आहेत. म्हणजे थोर चित्रात हात घालून ते आपलं करून घेणं हा तुझा प्रोजेक्ट या देशात शंभराहून अधिक वर्षं देवघरात चालू आहे, आणि करणाऱ्यांना आपण प्रोजेक्ट करतोय हे माहीतही नव्हतं.

चित्रकारांपैकी दोघांचं काम मिळवून पाहा. भूपेन खख्खर, पेशानं हिशेबनीस, बडोद्याला राहायचे. १९६० च्या दशकात त्यांनी बाजारातली देवांची छापील चित्रं फाडून थेट कॅनव्हासवर चिकटवली. दुसऱ्या पुष्पमाला एन. २००० ते २००४ दरम्यान क्लेअर आर्नीसोबत त्यांनी जी छायाचित्रं केली त्यात त्या स्वतःच रविवर्म्याची लक्ष्मी होऊन कमळावर उभ्या आहेत. पडदा रंगवलेला, कमळ खोटं, आणि ते खोटेपण लपवलेलं नाही. हसू येतं, पण ते लक्ष्मीला हसणं नसतं. तुझ्या फ्लेक्समध्ये मला खटकलं ते हेच. तिथे सगळ्यात वर तू बसली आहेस, तुझ्या खाली मोनालिसा आणि सगळ्यात तळाला तुझ्या आईचं भरतकाम.

कामाचं बोलायचं तर मोनालिसा बाजूला ठेव. एकच चित्र धर. त्याच्या मिळतील तेवढ्या प्रती गोळा कर. काढू काहीच नकोस. आधी पंधरा दिवस नुसतं बघ.

स्पष्टवक्ता | शुक्रवार, सकाळी ७:१०

हळदणकरांना घोडाही काढता येत असणार.

खोडरबर | तेवीस दिवसांनी, रविवार, संध्याकाळी ६:५०

धागा वर काढतेय, माफ करा. सगळ्यांचे आभार वगैरे नंतर, आधी काय झालं ते सांगते.

अकरा दिवावाल्या मिळाल्या. तीन नात्यातून, दोन मैत्रिणींकडून, एक शेजारच्या घरच्या माळ्यावरून, तीन इतवारीकर काकांमुळे (त्यांच्या दुकानात घ्यायला कोणी न आलेली चित्रं असतात, हे मला माहीतच नव्हतं), एक रद्दीच्या दुकानातलं कॅलेंडर, आणि आमची. सगळ्या वर्गात भिंतीला टेकवून ओळीनं लावल्या आणि निळीशाई म्हणाल्या तसं बघत बसले. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. सगळ्या सारख्याच. दुसऱ्या दिवशी एकही दुसरीसारखी नव्हती.

काचेवरच्या दोघी उलट्या आहेत. सगळ्यांचा चेहरा एका बाजूला वळलेला, या दोघींचा दुसऱ्या. विचार केल्यावर ट्यूब पेटली. काचेखाली नक्षी ठेवून मागच्या बाजूनं रंगवायचं आणि पुढून बघायचं, मग आरशासारखं उलटणारच. एकीला मंगळसूत्र आहे, दुसरीला नाही. मण्यांच्या बाईला नाकच नाही, कारण त्या मापात नाकाला मणीच उरत नाही. लोकरीच्या बाईचा उजेड झेंडूसारखा केशरी, बहुतेक घरात स्वेटरची लोकर उरली होती. कॅलेंडरवालीचे ओठ लालभडक आणि खाली किराणा दुकानाचं नाव.

आणि भरलेल्या चारही जणींच्या उजेडाला पायऱ्या आहेत. आजी, तुम्ही सांगितलंत म्हणून मोजल्या. आईनं चार छटा आणल्या होत्या. पाचवी 'बर्डीवर मिळाली नाही', हे तिला अजून लख्ख आठवतं. लग्नाची तारीख मात्र बाबांना विचारावी लागते.

आईचा मूळ आलेख हरवलाय. म्हणून मी तिचं चित्र फ्रेममधून काढलं (काकांनी काढून दिलं, खिळे एकेक करून) आणि मागच्या बाजूनं टाके मोजत नवीन आलेख करायला घेतला. मागची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. पुढून सगळं शिस्तीत, मागे गाठी, ओढलेले धागे, एका कोपऱ्यात रंग चुकला म्हणून उसवून पुन्हा भरल्याच्या खुणा. तिथे रक्ताचा एक तपकिरी ठिपका आहे. आईला विचारलं तर म्हणाली, "असेल, तू पोटात होतीस, झोप यायची." फ्रेमच्या पाठीला हार्डबोर्डच्या आत जुना पेपर निघाला, त्यात साड्यांच्या सेलची जाहिरात.

तर आता ठरलंय ते असं. भिंतीवर काहीच नाही. अकराही चित्रं छताला दोरीनं टांगायची, डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे माणूस मागे जाऊन पाठही बघू शकेल. बारावी माझी, आईच्या टाक्यांवरून भरलेली. अजून अर्धीही झाली नाही, मनगट धरून बसते. प्रत्येकीखाली पाटी. सरांना आधी वाटलं पाटीवर फक्त 'अज्ञात कलाकार' लिहावं, छान दिसेल. मी म्हटलं, अज्ञात कुठे आहेत, मी त्यांच्याकडे पोहे खाऊन आलेय. म्हणून असं लिहितेय: सा. ल. हळदणकर यांच्या जलरंगचित्रावरून, मग भरणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव, मॅटी आणि सुती दोरा, सात महिने, दुपारी दोन ते चार. कलम४२० काका, विकणार काही नाही, काळजी नसावी.

सर चहाला गेले. पण परत आले आणि मग बराच वेळ मण्यांच्या बाईच्या पाठीमागे उभे होते.

दोन अडचणी. भरलेल्या चित्रांना काच ठेवू की काढू? काचेत ट्यूबलाइट दिसते, काच काढली तर लोक हात लावतील. आणि आई रोज विचारते, "माझं कधी परत आणतेस? टीव्हीच्या वर भिंतीवर चौकोन दिसतोय."

तर्रीपोहा | रविवार, संध्याकाळी ७:०२

म्हणजे नथ रद्द. माह्या मोनालिसाचं आता काय करू मी? पण भारी काम करून राहिली तू. कधी लागते प्रदर्शन ते सांगजो, पोहे माह्याकडून.

इतवारीकर | रविवार, रात्री ९:३०

काच काढू नकोस, हात लागला की मॅटी काळी पडते. दुकानात ये, चकाकी मारणारी नाही अशी काच दाखवतो. महाग असते, पण तुला चार तुकडे वापरायला देतो, प्रदर्शन झालं की परत दे. ट्यूब बंद करून पिवळा दिवा वरून, जरा पुढे लाव. आणि दोरी नको, फ्रेम जड आहेत. बारीक तार वापर, दोन्ही बाजूंना हुक मी मारून देतो.

निळीशाई | रविवार, रात्री ११:१५

तुझी बारावी अर्धीच टांग. सुई तशीच लटकत असू दे.

सुईदोरा | सोमवार, दुपारी ४:१०

सुई लटकवू नका, लहान मुलं येतील. कापडात टोचून ठेव.

माझंही घेऊन जा, म्हणजे तुझं धरून तेरा होतील. फोन करून ये, दोन ते चार सोडून. आता मीही झोपते त्या वेळी. चष्मा लावून नीट बघ, दिव्यापुढे धरलेल्या हाताला मी सहा बोटं भरली आहेत. आलेख मोजताना एक रांग जास्त झाली, उसवायला जीव धजला नाही. सेहेचाळीस वर्षं हॉलमध्ये लावलंय, अजून एकाही पाहुण्यानं मोजली नाहीत. पाटीवर ते लिहायचं की नाही, ते आल्यावर ठरवू.